मोजून पाणी आणि टीव्हीवरची बाग

मला पाण्याची भीती वाटते. विहिरीची नाही, कॅनॉलची नाही. पेल्यातल्या पाण्याची. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा मी सोनईहून नगरला डायलिसिसला जाते, आणि दोन डायलिसिसच्या मधे प्यायलेलं पाणी माझ्या अंगाबाहेर जात नाही. ते आधी पायात साठतं, मग पोटात, आणि माणसाने ऐकलंच नाही तर फुफ्फुसात. म्हणून मला दिवसाला एक लहान बाटली ठरवून दिलेली आहे. चहा, औषधाचा घोट, वरणाचं पाणी, सगळं त्यातच धरायचं.

हे लिहायला मला डायलिसिसच्या सिस्टरनी सांगितलं. म्हणाल्या, "शैलाताई, नवीन पेशंट रडत येतात. तुम्ही बोलता तसं लिहून द्या, आम्ही त्यांना वाचायला देऊ." बोलायला मला कोणी शिकवायला नको. सोनईत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, आणि तिथे मशीनपेक्षा माझं तोंड जास्त चालतं असं आमचे हे म्हणतात. डॉक्टरी मला कळत नाही, म्हणून ती मी लिहिणार नाही. मी भ्याले कशी आणि भीत भीत दिवस कसे काढते, तेवढंच लिहिते. त्यात टीव्हीवरचा बागेचा कार्यक्रम बराच येईल, त्याला इलाज नाही.

कळलं तो दिवस

पाय सुजायचे, तर मला वाटायचं दिवसभर बसून सुजतात. सकाळी मळमळायचं, तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "पित्त हाय. जेवली की लगीच आडवी हुतीस." मग आलं-लिंबू झालं, कोकम झालं, गावातल्या डॉक्टरांची पांढरी गोळी झाली. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या तेव्हा मी बांगड्या बदलल्या, डॉक्टर बदलला नाही. शेवटी एक दिवस दुकानात गिऱ्हाइकासमोरच दम लागला, मांडीवरची साडी उचलून ठेवण्याइतकाही श्वास उरला नाही. तेव्हा ह्यांनी गाडी करून मला नगरला नेलं.

डॉक्टर तरुण आणि हळू बोलणारे होते. हळू बोलणाऱ्या डॉक्टरांची मला तेव्हापासून धास्ती आहे. ते म्हणाले, "दोन्ही किडन्या काम करत नाहीत."

ह्यांनी विचारलं, "मंग गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

"गोळ्यांची वेळ गेली. आता डायलिसिस करावं लागेल."

"किती दिवस?" हे मी विचारलं, पण डॉक्टरांनी उत्तर ह्यांना दिलं. "किडनी बदलेपर्यंत. नाही तर कायम."

फॉलचा रंग कायम राहील, असं मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. तो शब्द असा अंगावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. बाहेर आलो तर समोर रसवंती. हे म्हणाले, "चल, रस घेऊ." पाण्याचं बंधन तोवर कोणी सांगितलं नव्हतं. आलं घातलेला, काठोकाठ भरलेला तो ग्लास मी प्यायले. त्यानंतर आजपर्यंत मी भरलेला ग्लास तोंडाला लावलेला नाही.

मी भ्याले. हे साध्या शब्दांत लिहून ठेवते, कारण नवीन माणसाला वाटतं की आपणच एकटे भित्रे. गाडीत माझ्या मनात देव आला नाही की पुण्यात नोकरीला असलेली मुलगी आली नाही. मनात काय आलं, तर दुकानात लोकांच्या साड्या पडल्या आहेत, कोणती कोणाची हे फक्त मला माहीत आहे, मी मेले तर बायका घरी येऊन भांडतील. भीती अशी कुठूनही आत शिरते.

टीव्ही कोणाचा

डायलिसिसच्या खोलीत पाच खाटा, पाच मशिनी आणि भिंतीवर उंच एक टीव्ही. गारवा इतका ठेवतात की भर उन्हाळ्यातही कुडकुडायला होतं. कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते: पायमोजे आणि शाल न्या. पहिल्या दिवशी मी नुसती छताकडे बघत पडले होते. आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना दिसतं, ती नळी हाताला कोमट लागते. लाईट गेली तर? हा प्रश्न मी सिस्टरना दर वेळी विचारायचे. त्या दर वेळी "जनरेटर आहे हो" म्हणायच्या, आणि माझा काही विश्वास बसायचा नाही.

शेजारच्या खाटेवर काष्टीचे एक मामा असायचे. बैलबाजारात हयात गेलेली, आवाज अजून बाजारातलाच. डायलिसिसच्या आधी आणि नंतर सिस्टर आम्हाला काट्यावर उभं करतात, किती पाणी साठलं ते कळायला. मामा दर वेळी काट्यावर चढताना म्हणायचे, "उभ्या जन्मात मी जनावरांचे दात मोजले, आन आता ही पोरगी मला मोजती."

टीव्हीवर बहुतेक बातम्या लागायच्या, कारण कोपऱ्यातल्या खाटेवरच्या रिटायर साहेबांना त्या हव्या असायच्या. एकदा साहेबांना झोप लागली आणि सिस्टरच्या हातून चॅनल बदललं गेलं. गच्चीवर एक बाई उभ्या होत्या, साडी खोचलेली, हातात रबरी मोजे, समोर कुंड्याच कुंड्या. त्या म्हणत होत्या, "कुंडीतली झाडं तहानेने कमी मरतात, जास्त पाण्याने जास्त मरतात. वरून माती कोरडी दिसली म्हणून लगेच पाणी घालू नका. बोट पेरापर्यंत आत घाला. आत ओल असेल तर झाडाला तहान नाही, तुम्हाला घाई आहे."

त्याच सकाळी माझं वजन जास्त भरलं होतं आणि डॉक्टर माझ्यावर रागावले होते. मी उशीवरून मान उचलली. मामाही ऐकत होते. म्हणाले, "बाई शानी हाय. पर ती कुंडी बारकी पडंल त्या झाडाला."

पुढच्या खेपेला साहेबांनी पुन्हा बातम्या मागितल्या. मामांनी आडव्या आडव्याच ठणकावलं, "सायेब, बातम्यांत रोज मानसं मरत्यात. ते आपल्याला घरचंच हाय. सिस्टर, झाडं लावा."

तेव्हापासून आमच्या खोलीत त्या वेळेला झाडं लागायला लागली. मी त्यांचं नाव गच्चीवाली बाई ठेवलं. मला त्या का आवडल्या, यावर मी पडल्या पडल्या पुष्कळ विचार केला आहे. त्या कधीच पाल्हाळ लावत नाहीत. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही. गुलाब छाटताना बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, वर तिरका काप द्या. कढीपत्त्याचा शेंडा खुडा, तो फुटतो. करा म्हटलेलं माणसाला करता येतं आणि आठ दिवसांनी डोळ्यांना दिसतं. माझ्या आजारात असं एकही काम नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, त्या मरणाचं नाव सरळ घेतात. "हे रोप गेलं," म्हणतात आणि उपटून बाजूला ठेवतात. दवाखान्यात ते नाव कोणी घेत नाही, आणि न घेतल्यामुळेच ते सगळीकडे असतं.

उजवा हात माझा

मग घरी कुंड्या आल्या. कुंड्या म्हणजे रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, एक फुटकं घमेलं. गच्चीवाली बाई मातीत कोकोपीट घालायला सांगायच्या, आमच्याकडे उसाचं पाचट आणि साखर कारखान्याची कुजलेली मळी. मामांनी सल्ला दिला होता, "त्या बाईचं आईक, पर माती आपल्या गावची वापर."

माझ्या डाव्या हाताची नस डायलिसिससाठी जोडलेली आहे. तिथे बोट ठेवलं की आत घर्र घर्र लागतं. ते लागत असलं की नस चालू आहे, म्हणजे माझं सगळं चालू आहे. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, तो मातीत घालायचा नाही. म्हणून उजवा हात माझा आणि दोन्ही हात आत्याबाईंचे, असं आमचं काम चालायचं. मी टीव्हीवरचं सांगायचे, त्या ते करून वर नावं ठेवायच्या. "झाडाला बोट घालून इचारायचं, पानी पायजे का! आमी वाफं भरलं तवा कुनाला इचारलं?" पण दुसऱ्या दिवशी मी बघायचे तर त्या कुंडीत बोट घालून उभ्या.

रात्री अंथरुणावर पडलं की मात्र मी उजवं बोट डाव्या मनगटावर ठेवायचे. घर्र लागलं की डोळे मिटायचे. अजूनही तसंच करते.

शहाळं

आजारी माणसाला भेटायला आमच्याकडे रिकाम्या हाताने येत नाहीत. माझी नणंद शिर्डीला दिली आहे, तिथे त्यांचं हारफुलांचं दुकान आहे. ती भेटायला आली ती पिशवीभर शहाळी घेऊन. डॉक्टरांनी पाणी मोजून द्या म्हटलं होतं, आणि आत्याबाई डोळ्यांत तेल घालून मोजत होत्या. माझी बाटली सकाळी त्याच भरायच्या. पण शहाळं त्यांच्या मोजणीत नव्हतंच.

मी म्हटलं, "आत्याबाई, हे चालेल ना?"

"आगं, पानी मोजून दी म्हनलेत. शाळ्याचं काय ते पानी व्हय? ते औषीद हाय."

नणंदेला ते पटलं, ह्यांना पटलं, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात आधी पटलं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात "पोटॅशियम कमी ठेवा" असं भराभर सांगितलं होतं, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कशात ते असतं, हे विचारायला कोणाला सुचलं नव्हतं. ताप असो, जुलाब असो, ऑपरेशन असो, शहाळं चालतं हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं. दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ शहाळं प्यायले, आतली मलई खरवडून खाल्ली. तहान लागल्यापासून इतकं सुख मला मिळालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठायला गेले आणि पाय उठले नाहीत. दुखत नव्हते, नुसते उठत नव्हते. ओठांना मुंग्या आल्या होत्या. मी सवयीने डाव्या मनगटावर बोट ठेवलं. घर्र लागलं. मग थांबलं. मग बऱ्याच वेळाने पुन्हा लागलं.

ती मधली शांतता मी कोणालाही नीट सांगू शकलेले नाही. मी ओरडले असं मला वाटलं, पण आत्याबाई म्हणतात माझा आवाज आलाच नाही, त्या सहज डोकावल्या म्हणून कळलं.

गाडी ह्यांनीच चालवली. एरवी दिवसाला दहा शब्द न बोलणारा माणूस नगरपर्यंत एकसारखा बोलत होता. उसाला पाणी द्यायचंय, घोडेगावला रस्ता खराब झालाय, तुझ्या दुकानाचं शटर मी ओढून घेतलंय. ते बोलायचे थांबले की मी मरेन, असं त्यांना वाटत असावं. मला तसंच वाटत होतं. मागच्या सीटवर आत्याबाईंच्या मांडीवर माझं डोकं होतं आणि त्यांचा हात माझ्या कपाळावर होता.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, सुया टोचल्या, मशीन जोडलं. ते हळू बोलणारे डॉक्टर त्या दिवशी ओरडले. "काय दिलंत हिला खायला?"

आत्याबाई म्हणाल्या, "काईच न्हाई वो डागदर. निस्तं शाळं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आजी, शहाळं हिला विष आहे. हृदय बंद पडत होतं हिचं."

मी वाचले. पण आत्याबाईंनी तो एक शब्द ऐकला तो ऐकलाच.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या हातात काहीही देणं बंद केलं. ताट वाढून ओट्यावर ठेवायच्या आणि ह्यांना म्हणायच्या, "तू नेऊन दी." बाटली भरायचं कामही त्यांनी सोडलं, ते ह्यांच्याकडे गेलं. माझ्याशी बोलायच्या, वेणी घालायच्या, पण हाताने घास नाही की घोट नाही. आणि माझी भीती अशी की ताट आलं की मी आधी ते निरखून बघायचे, भाजी बोटाने बाजूला करायचे. त्या दारातून ते बघत असायच्या. एका घरात दोन बायका एकमेकींना भिऊन वागत होत्या, आणि दोघींनाही दुसरीचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळ्या झालो असतो.

पालाश

त्यानंतर काही दिवसांनी गच्चीवाल्या बाईंना एका ताईंचा फोन आला. गुलाबाला नुसती पानं येतात, फूल नाही. बाई म्हणाल्या, "पालाश कमी पडतंय. केळ्याची सालं पाण्यात भिजत ठेवा, ते पाणी पातळ करून घाला. केळ्यात पालाश भरपूर असतं."

मामा म्हणाले, "पालाश म्हंजी पोट्याशच ना गं ताई? मला बी डागदरानं तसलंच काय सांगितलंय, रगतात वाढलंय म्हनून."

मी सिस्टरना विचारलं, "सिस्टर, उसाला टाकतो ते पोटॅश आणि तुमचं पोटॅशियम एकच?"

त्या मामांच्या हाताची पट्टी आवळत म्हणाल्या, "एकच की. झाडाला फुलं येतात, तुमचं हृदय थांबतं."

"घ्या!" मामा हसले. "म्हंजी ताई, आपुन उसाचं खत खाऊन बसलोय."

खोलीतले सगळे हसले, बातम्यांवाले साहेबसुद्धा. मी हसले नाही. पोटॅशचं पोतं आमच्या पडवीत वर्षानुवर्षं पडलेलं असतं.

घरी जाऊन मी आत्याबाईंना पडवीत नेलं आणि पोत्यावर हात ठेवला. म्हटलं, "आत्याबाई, शहाळ्यात हे असतं. केळ्यात, बटाट्यात, टमाट्यात, पालकातसुद्धा. चांगल्या माणसाचं जास्तीचं लघवीवाटे जातं. माझं जात नाही, साठून राहतं."

त्यांनी पोत्याची कड चाचपली आणि म्हणाल्या, "जास्त टाकलं तर पीक जळतं, त्ये म्हाईत हाय मला. आसं सांगाया पायजे हुतं त्या डागदरानं. इष म्हनला निस्ता."

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा स्वयंपाकात शिरल्या. आहाराच्या बाईंकडून आम्ही या वेळी नीट समजून घेतलं: भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी टाकून द्यायचं आणि मग फोडणी द्यायची. चव निम्मी जाते, पण पालाशही बरंच पाण्यात उतरतं. गच्चीवाल्या बाई म्हणाल्या होत्या की बिनमिठाचं भाजीचं पाणी गार करून कुंड्यांना घाला. तसं ते गुलाबाला जायला लागलं. आत्याबाई पातेलं रिकामं करताना पुटपुटायच्या, "घे बाबा, तुलाच पचतंय."

ताट त्या पुन्हा माझ्या हातात द्यायला लागल्या. पाणी मात्र नाही. बाटली ह्यांनीच भरायची.

तहानेसाठी मी काय करते, तेही सांगते. सगळं पाणी एकदम घ्यायचं नाही. पेला लहान ठेवायचा. बाटलीतल्याच थोड्या पाण्याचा बर्फ करून खडा चघळायचा. चूळ भरून टाकायची, गिळायची नाही. वेलदोडा तोंडात धरायचा. मीठ कमी खायचं, तहान अर्धी तिथेच असते. आणि एवढं करूनही तहान जात नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे आपलंच काही चुकतंय असं कोणाला वाटायला नको.

किडनी बदलायचं म्हणाल तर माझ्या भावाच्या तपासण्या चालू आहेत. त्याची बायको फोनवर पूर्वीसारखी बोलत नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही फोन कमीच उचलला असता.

मामांची खाट

उन्हाळा लागला आणि एका खेपेला मामा आले नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "लग्नाला गेलेत." पुढच्या खेपेलाही खाट रिकामी. "गावाला असतील." हे म्हणताना त्या माझ्याकडे न बघता मशीनचं बटण दाबत होत्या, तेव्हा मला कळायला हवं होतं.

मग मामांचा थोरला मुलगा त्यांची शाल न्यायला आला. मी सुया टोचलेल्या हाताने पडून होते. तो म्हणाला, "ताई, तुमचं नाव घ्यायचे लई. भाचीच्या लग्नात उनातानात हिंडले. पंगतीत तांब्या उचलला आन गटागटा प्याले. आमी म्हनलं, दादा, नका. तर म्हनले, आजच्या दिवस. तांब्याव तांब्या प्याले. गाडीत घालून आनंस्तवर दम भरला."

सुया असल्या की मोकळं रडताही येत नाही, हात हलतो आणि मशीन ओरडायला लागतं. टीव्हीवर बाई एक वाळलेलं रोप उपटून त्याची मुळं दाखवत होत्या. मी सिस्टरना टीव्ही बंद करायला सांगितलं. साहेबांनीही बातम्या मागितल्या नाहीत.

त्यानंतर मी कार्यक्रम बघायचं सोडलं. बाटलीतलं ठरलेलं पाणीसुद्धा पुरतं पीत नव्हते. पेला तोंडाजवळ नेला की मामांचा तांब्या दिसायचा. ओठ फुटले, डायलिसिस चालू असताना प्रेशर खाली जाऊन डोळ्यांपुढे अंधारी आली. सिस्टर रागावल्या, "शैलाताई, दिलंय तेवढं प्यायचं. कमीही चालणार नाही." म्हणजे जास्त पिऊन मरायचं नाही आणि कमी पिऊनही नाही. या दोन्हींच्या मधे जी जागा उरते तिथे मी उभी आहे.

त्या दुपारी

वैशाखातली दुपार होती. लाईट गेलेली, पत्रा तापलेला. हे शेतावर होते, घरात आत्याबाई आणि मी. उन्हाच्या तलखीने माझी बाटली दुपारीच रिकामी झाली होती. लाईट आली तसा टीव्ही आपोआप सुरू झाला आणि नेमकी त्यावर गच्चीवाली बाई. सकाळचा कार्यक्रम दुपारी पुन्हा लागतो. त्यांच्या हातात झारी होती आणि झाडावर पाणी पडत होतं. पानांवरून टपटपत कुंडीत, कुंडीतून फरशीवर. बाई काय सांगत होत्या ते मला ऐकूच आलं नाही. मला फक्त पाणी ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "आत्याबाई, पाणी द्या."

"बाटली सपली?"

"संपली. एक पेला द्या."

आमच्या घरी पाण्याला कधी कोणाला नाही म्हटलेलं नाही. ऊसतोडीच्या बाया, मीटरवाला, वासुदेव, भांडण झालेली भावकी, जो दारात येईल त्याला आधी तांब्या. मी नवी नवरी होते तेव्हा आत्याबाईंनी मला पहिलं हेच शिकवलं होतं, वैरी आला तरी आधी पाणी, मग बोलणं. त्यांचे हात सवयीने माठाकडे गेलेसुद्धा. तांब्या भरला, दोन पावलं माझ्याकडे आल्या, आणि मधेच थांबल्या.

"न्हाई."

"एक घोट द्या."

"न्हाई, शैला. पान्याला न्हाई म्हनल्याचं पाप लागंल ते मला लागू दी."

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, मामा गेले तशी मीही जाणारच आहे. मरताना माणसाच्या तोंडात पाणी घालतात ना, ते आत्ताच घाला, नंतर मला कळणार नाही. म्हटलं, तहानेली मारता का मला. आणि मी उठले. भिंत धरून त्यांच्याकडे गेले, तांब्याला हात घातला. माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. त्यांनी तांब्या ओढून घेतला, तशाच दारापर्यंत गेल्या आणि पायरीवरच्या पहिल्याच बादलीत सगळं पाणी ओतून टाकलं. त्यात मिरचीचं कोवळं रोप होतं, लावून चार दिवसही झाले नसतील. पाणी काठावरून वाहायला लागलं, रोप आडवं झालं.

मी ओरडले, "अहो, कुजेल ते! सकाळीच पाणी घातलंय त्याला!"

"कुजू दी!" आत्याबाई माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. "मिरचीचं रोप बाजारात मिळतं. तू न्हाई मिळत."

आणि रिकामा तांब्या पोटाशी धरून त्या पायरीवर बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. मी पुन्हा पाणी मागितलं नाही.